दोन हिसके

अग्निशमन केंद्रात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळा त्यांनी स्वतः अर्ध्यात सोडली होती, पण केंद्रात भरती झालेल्या प्रत्येकाला गाठी बांधायला त्यांनीच शिकवलं होतं. गाठ सुटली की ते बोटांवर पट्टी मारत, मग समोरचा तिशीचा का असेना. म्हणून मास्तर.

बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पाणबुड्या पाण्यात उतरला की काठावर उभं राहून त्याचा दोर धरायचा. ऐकायला हे काम काही भारी वाटत नाही. वर्तमानपत्रात फोटो पाणबुड्याचा येतो, दोर धरणाऱ्याचं फार तर कोपर. पण कालव्याच्या गढूळ पाण्यात खाली गेलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, वरचं काही ऐकू येत नाही आणि तोंडात नळी असल्यामुळे बोलायची सोय नाही. त्याच्याजवळ बोलायला उरतो तो कमरेचा दोर. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड, मला पुढे जायचंय. तीन म्हणजे सापडलं, ओढ. एवढ्या तीन शब्दांवर मास्तरांनी अख्खी नोकरी काढली होती. दोर हातात असला की खाली कोण आहे, तो घाबरलाय का दमलाय, हे आपल्याला कळतं, असं ते छाती फुगवून सांगत. आणि नव्या पोरांना पहिल्याच दिवशी एक नियम घोकायला लावत: दोर हवा तितका सैल सोडा, टोक सोडायचं नाही. ते टोक त्यांच्या डाव्या मनगटाला गुंडाळलेलं असे. तिथं कातडी घट्टे पडून काळी झाली होती. ही माझी सवत, असं त्यांची बायको त्या मनगटाकडे बघून म्हणायची.

बावीस वर्षांत मास्तरांचा एकही पाणबुड्या पाण्यात राहिला नाही. याचा त्यांना फार गर्व होता. तो गर्वच पुढे त्यांना नडला.

केंद्रात पूर्वी दोन पाणबुडे होते, थोरला आणि धाकटा. सख्खे नव्हेत, नात्याचेही नव्हेत, नुसती केंद्रातली नावं. थोरला निवृत्त होऊन गेला, जाताना आपली पितळी शिट्टी धाकट्याच्या गळ्यात घालून गेला. धाकटा आता एकेचाळीसचा होता, कानाशी पांढरा झाला होता, तरी धाकटाच राहिला. पाण्यात तो निवांत आणि जमिनीवर अवघडलेला असे. पायऱ्या उतरताना हमखास ठेचकाळायचा. मास्तरांचा त्याच्यावर जीव होता, हे ते सोडून सगळ्यांना माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी खात्याला जाग आली. दोन जवान नोकरी सोडून गेले, एकानं हात थरथरतो म्हणून गाडी चालवणं बंद केलं, आणि रुग्णवाहिकेवरचा एक मदतनीस सुट्टीच्या दिवशी घरातच गेला. कसा गेला ते केंद्रात कोणी मोठ्यानं बोललं नाही. मग वरून ‘सोबती’ नावाची योजना आली. प्रत्येक केंद्रातून एक जुना, पोक्त माणूस निवडायचा, त्याला तीन दिवस शिकवायचं, आणि कुणाला एखादा प्रसंग जड गेला की त्यानं त्याच्याजवळ बसायचं. खात्यानं मास्तरांना एक वही, एक पेन आणि छातीला लावायची हिरवी पट्टी दिली. पट्टी त्यांनी पहिल्याच आठवड्यात हरवली.

शिकवायला आलेल्या बाईंनी चार गोष्टी पक्क्या करून घेतल्या. ऐकून घ्यायचं. सल्ला द्यायचा नाही. जिवाचं बरंवाईट करायचा विचार समोरच्याच्या मनात आहे असं वाटलं, तर सरळ विचारायचं, आडवळणानं नाही. आणि चौथी गोष्ट, आपली कहाणी मध्ये आणायची नाही, कारण त्या वेळी दुःख समोरच्याचं असतं. मास्तरांनी वहीत या चौथ्या गोष्टीखाली दोन रेघा मारल्या. तेव्हा त्या साध्या मनानं मारल्या होत्या.

खरं सांगायचं तर मास्तर या कामात तरबेज निघाले. ते कुणाला समोर खुर्चीत बसवत नसत. वापरलेला दोर धुऊन, पुसून, हात हात तपासावा लागतो, कुठं धागा तुटलाय का ते बोटांनी बघावं लागतं. हे काम दोघांचं. मास्तर केंद्राच्या मागच्या अंगणात ओल्या दोराचं एक टोक त्या माणसाच्या हातात देत आणि दुसरं आपण घेत. बोलायचं कसं नि काय, यावर एक शब्द नाही. दहा-बारा हात दोर सरकला की समोरचा आपोआप बोलायला लागे. रुग्णवाहिकेवरच्या परिचारिकेनं तिच्या हातात गेलेल्या बाळंतिणीचं सगळं चाळीस हात दोर तपासताना सांगितलं, आणि शेवटच्या गाठीपाशी आल्यावर डोळे पुसून म्हणाली की दोर चांगला आहे, अजून दोन वर्षं जाईल.

मग तो कालव्याचा दिवस आला. थंडीतली दुपार होती. पुलाचा कठडा तोडून एक गाडी पाण्यात गेली. चालवणारा बाप खिडकीतून कसाबसा बाहेर आला, मागच्या सीटवर त्याच्या दोन मुली राहिल्या. बंब पोचेपर्यंत पुलावर ही गर्दी. धाकटा दोर बांधून उतरला. टाकीतल्या हवेचा हिशोब असा की मास्तरांच्या घड्याळात अठरा मिनिटं झाली की खाली काहीही असो, पाणबुड्याला ओढून वर घ्यायचं.

नवव्या मिनिटाला तीन हिसके आले. मास्तरांनी ओढलं. धाकटी मुलगी वर आली, परिचारिकेनं तिला काठावरच घेतलं आणि छाती दाबायला लागली. धाकटा दम न खाता पुन्हा खाली गेला. ती मुलगी खोकली, गर्दीतून आवाज उठला. इकडे पाण्याचा जोर वाढत होता, वरून एक अख्खी फांदी वाहत येऊन दोराला घासून गेली, आणि मास्तरांनी दोराचा आणखी एक वेढा मनगटाला दिला. असा जादा वेढा बावीस वर्षांत त्यांनी कधी दिला नव्हता. तेवढ्यात दोन हिसके आले. दोर सोड. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. साडेसोळा मिनिटं झाली होती, दीड मिनिट शिल्लक होतं. पुन्हा दोन हिसके आले, आधीपेक्षा जोरात. मास्तरांनी दोर सोडला नाही. त्यांनी ओढला.

धाकटा रिकाम्या हातांनी वर आला. मास्क ओढून काढला आणि म्हणाला, की बाही हातात आली होती. मग त्यानं विचारलं, वेळ झाली होती का. मास्तर म्हणाले, झाली होती.

थोरली बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. अहवालात मास्तरांनी ‘अठरा मिनिटे पूर्ण झाल्याने दोर ओढला’ असं लिहिलं. टाकी भरायला पाठवायचं काम त्यांचंच होतं. उरलेली हवा दाखवणाऱ्या काट्याकडे कोणी बघण्याआधी त्यांनी तोटी उघडून ती सोडून दिली. किती वेळ ती सुसकारत होती, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होतं.

आणि आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणायची तर. प्रसंग जड गेलेल्याजवळ सोबत्यानं बसायचं, म्हणून धाकट्याजवळ बसायला खात्यानं मास्तरांनाच पाठवलं.

आठ महिने मास्तरांनी ऐकलं. त्याच दोराचं एक टोक धाकट्याच्या हातात आणि एक यांच्या. धाकटा दर वेळी तिथंच येऊन थांबे. दुसऱ्यांदा उतरल्यावर मी आधी पुढची सीट चाचपत बसलो, तो म्हणे. पोरगी मागं आहे हे ठाऊक असून पुढं चाचपत बसलो. दीड मिनिट तरी गेलं असेल. ते दीड मिनिट असतं तर दार उघडून घेतलं असतं. तिची बोटं हलली असं वाटलं मला, मास्तर, पाण्यानं हलली असतील. मास्तर मान हलवत. तुझी चूक नाही, एवढं म्हणत. दीड मिनिट हा शब्द आला की त्यांच्या हातातला दोर थांबे आणि ते वाकून तिथला धागा तपासू लागत. आपली कहाणी मध्ये आणायची नाही, हे बाईंनी शिकवलंच होतं. नियमाच्या आड लपायला इतकी ऐसपैस जागा मास्तरांना आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

धाकटा वाळत चालला, तेव्हा मास्तरांनी एक युक्ती काढली. रोज संध्याकाळी सहाला त्यानं एक मिस्ड कॉल द्यायचा. एक म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे आज मला माझ्यापाशी राहू द्या. तीन म्हणजे या. धाकटा त्या दिवशी जरासा हसला होता. तेव्हापासून रोज सहाच्या ठोक्याला मास्तरांचा फोन एकदा वाजून थांबे आणि मास्तरांच्या जिवात जीव येई. चहाचा कप घेऊन ते बायकोला सांगत की गाडी रुळावर आहे. सोबत्यांच्या वार्षिक बैठकीत त्यांनी ही युक्ती उभं राहून सांगितली. टाळ्या पडल्या. बाईंनी लिहून घेतली. एक हिसका आला की पुन्हा विचारायचं नाही, ही बावीस वर्षांची सवय होती, आणि त्या सवयीनं मास्तर निर्धास्त झोपत होते. निदान धाकट्यापुरते.

एके दिवशी पावणेसहाला धाकटा केंद्रात आला. पाळी बदलायची वेळ, कोठीत मास्तर एकटेच होते. त्यानं आपलं सामान परत आणलं होतं. रबरी पोशाख धुऊन घडी केलेला, मास्क, चाकू, कमरेचा पट्टा, सगळं टेबलावर ओळीनं मांडलं. बदली मागितली आहे, म्हणाला. मास्तरांनी एकेक वस्तू नोंदवून घेतली. शेवटी त्यानं गळ्यातली पितळी शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मास्तर म्हणाले की ही खात्याची नाही, थोरल्यानं तुला दिलेली आहे. धाकटा म्हणाला, असू दे, इथंच कुणाला तरी होईल.

मास्तरांचं पेन थांबलं. स्वतःची वस्तू अशी वाटून टाकणाऱ्या माणसाबद्दल बाईंनी त्या तीन दिवसांत काय सांगितलं होतं, ते त्यांना आठवलं. पण गेल्या संध्याकाळीच तर एक वाजला होता, असंही मनात आलं. आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन एकदा वाजला आणि थांबला.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते. मास्तरांनी फोन काढून पाहिला. धाकट्याचाच नंबर होता आणि धाकटा समोर उभा होता, दोन्ही हात रिकामे.

मास्तरांनी विचारलं, तुझा फोन कुठं आहे. घरी, तो म्हणाला. मग हा कोणी दिला?

“माझी पोरगी देते,” धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला. “शाळा सुरू झाल्यापासून तीच देते. तिला सांगून ठेवलंय, सहा वाजले की मास्तरांना एकदा वाजवायचं. म्हणजे मास्तर निवांत बसतात.”

शाळा सुरू होऊन चार महिने झाले होते. दोर हातात असला की खाली कोण आहे हे कळतं म्हणणाऱ्या माणसाला चार महिने एक आठ वर्षांची पोर ठीक आहे, ठीक आहे असं सांगत होती आणि ते चहा पीत होते. मास्तरांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यांनी कोठीचं दार लोटलं आणि शिकवल्याप्रमाणे सरळ विचारलं की जीव द्यायचं मनात आहे का.

धाकट्यानं टेबलावरचा मास्क उचलून पुन्हा ओळीत ठेवला. मग म्हणाला, “परत त्याच पाण्यात जावंसं वाटतं. ते दीड मिनिट घेऊन.”

आता ऐकून घ्यायचं होतं, सल्ला द्यायचा नव्हता, आणि आपली कहाणी मध्ये आणायची नव्हती. मास्तर टेबलाला धरून उभे राहिले.

“तुझ्याजवळ होतं ते दीड मिनिट,” ते म्हणाले. “साडेसोळाच झाली होती. मी घाबरलो आणि ओढलं.”

धाकट्यानं वर पाहिलं. त्याला लगेच समजलं नाही. मास्तरांनी पुन्हा सांगितलं, घड्याळाचं, अहवालाचं, टाकीची तोटी उघडल्याचं, सगळं. सांगताना ते मध्ये थांबले नाहीत.

“दोन हिसके कळले होते?” धाकट्यानं विचारलं.

“दोनदा कळले होते.”

“आणि आठ महिने मला विचारत होता, आज झोप लागली का.”

तो ओरडला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यानं हात उगारला असता तरी चाललं असतं. तो नुसता उभा राहिला. मग त्यानं टेबलावरची शिट्टी उचलली, मुठीत घट्ट धरली आणि निघून गेला. उंबऱ्यापाशी ठेचकाळला, पण पडला नाही.

मास्तरांनी तिथूनच त्याच्या बायकोला फोन केला. काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं आणि त्याला एकटं सोडू नका म्हणाले. ती म्हणाली, की तो आत्ताच आलाय, माझा भाऊ मुक्कामाला येईल, आणि तुम्ही मात्र घरी येऊ नका. त्यानंतर त्यांनी खात्याच्या डॉक्टरांना कळवलं, आणि डॉक्टर त्याच संध्याकाळी धाकट्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी अधिकाऱ्यांच्या टेबलावर नवा अहवाल ठेवला. अधिकारी तो दोनदा वाचून म्हणाले, आता हे कशाला काढलंत. पण दुपारपर्यंत मास्तरांचं नाव सोबत्यांच्या यादीतून कमी झालं आणि दोरावरूनही. चौकशी होईल, असं पत्र आलं. कालव्यातल्या मुलीच्या आईबापांनाही आता कळवावं लागणार होतं. ते कोण कळवणार, हे पत्रात नव्हतं.

त्या संध्याकाळी सहा वाजले. फोन वाजला नाही. सव्वासहा झाले. बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवला. सहा सत्तावीसला फोन एकदा वाजून थांबला. मग पुन्हा एकदा वाजून थांबला. मास्तर तिसऱ्याची वाट बघत फोनकडे टक लावून बसले. तिसरा आला नाही.

दोन. दोर सोड.

हे धाकट्याच्याच हातचं होतं, याची मास्तरांना खात्री पटली. सहाचा ठोका चुकवणारं काम पोरीचं नव्हतं. पण दोन हिसक्यांना मागच्या वेळी आपण काय केलं, ते त्यांना उभं राहू देईना आणि बसूही देईना. जावं तर त्यानं सोड म्हटलंय. न जावं तर जीव थाऱ्यावर नाही. शेवटी त्यांनी चपला घातल्या. धाकट्याच्या घरासमोर रस्त्यापलीकडे एक बंद दुकान होतं, त्याच्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. तिथून घराचं दार तेवढं दिसत होतं. डाव्या मनगटावरून उजवा हात फिरवत ते तास-दीड तास उभे होते. खिडकीत एकदा त्याची बायको दिसली आणि तिनं पडदा ओढला.

मग दार उघडून धाकटा पायरीवर आला. दाढी वाढलेली, अंगात जुना स्वेटर, गळ्यात शिट्टी. मास्तरांना बघून त्याला नवल वाटलं नाही.

“मला तुमच्याशी बोलायचं नाही,” तो तिथूनच म्हणाला. “मुळीच नाही.”

मास्तरांनी मान हलवली.

“पण उद्यापासून सहाला फोन तुम्ही द्यायचा. तुमचा दोर कोणी धरलाच नाही कधी, हे काल रात्रभर डोक्यात फिरत होतं.”

एवढं बोलून तो आत गेला आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर पाच वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसले होते. काम नव्हतं, दोर नव्हता, मनगट उघडं पडलं होतं. सहा वाजले. त्यांनी धाकट्याचा नंबर लावला, एक घंटा होऊ दिली आणि तोडला. एक म्हणजे ठीक आहे. बावीस वर्षं लोकांना हे शिकवलं होतं, आणि आपण ठीक आहोत की नाही, हे त्या क्षणापर्यंत त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. त्यांनी पुन्हा लावला आणि तोडला. त्या पोरीची बाही, खोकणारी तिची बहीण, टाकीतून सुसकारत जाणारी हवा, सगळं एकदम आठवलं आणि ते बायकोसमोर, लहान पोरासारखे, हुंदके देऊन रडले.

डोळे पुसून त्यांनी तिसरा दिला. मग उठले आणि दाराची कडी काढून ठेवली.